गोठा, बळद आणि रांजण : उदगीर भागातल्या चावऱ्या किड्यांचा इतिहास

बालाघाटाच्या पठारावरच्या उदगीर भागात जुने घर तीन गोष्टी साठवून ठेवी. गोठ्यात जनावरे, बळदात ज्वारी आणि रांजणात पाणी. माणसाला चावणारे बहुतेक किडे या तीन साठ्यांच्या मागोमाग घरात शिरले. गोठ्यामुळे गोचीड, गोमाशी आणि चिलटे आली, धान्यापाठी उंदीर आणि उंदरांच्या अंगावरून पिसवा आल्या, पाण्यात डास झाले. ढेकूण तेवढा कोणत्याच साठ्याचा नव्हे, तो अंथरुणाचा. साठवणीची रीत बदलली तसे चावणारे किडे बदलले आणि खाजेवरचे उपायही बदलले. औषधांच्या शोधांनी या इतिहासात फरक पाडलाच, पण भिंती, छपरे आणि नळ यांनी त्याहून जास्त पाडला.

उदगीर तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाल्यावर त्यात गेला. कानडी आणि तेलुगू मुलूख इथून जवळ, दखनी तर गल्लीतच. म्हणून एकाच वाड्यात ढेकणाला कोणी ढेकूण म्हणे, कोणी खटमल. आणि डासाला मच्छर म्हणायला कोणाचीच हरकत नसे.

चाव्यानंतर त्वचेवर जे उमटते त्याची मराठी नावे मात्र नेमकी आहेत. डास चावल्याबरोबर पांढुरकी, कडेने लालसर फुगोटी येते आणि थोड्या वेळात जिरते, ती गांध. बऱ्याच आल्या की अंगावर गांधी उठल्या म्हणतात. दुसऱ्या दिवशीही टिकून राहते, टणक असते आणि रात्री जास्त खाजते, ती पुळी. काही न चावताही अंगभर चकंदळे उठली तर ते पित्त. त्यावर आमसुलाचे पाणी लावायचे आणि घोंगडी पांघरायची हा जुना रिवाज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ येऊन सगळे घरच खाजवायला लागले तर ती खरूज. ज्वारीच्या काढणीत मानेला आणि हातांना सुटते ती कुसाची खाज, तिच्यात किड्याचा काही संबंध नाही. हा भेद घरातल्या म्हाताऱ्या बाईला कळत असे, आणि आजही उपचाराची पहिली पायरी हाच भेद आहे.

खाज का सुटते, याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. डासाची मादी रक्त पिताना आधी आपली लाळ कातडीत सोडते. रक्त गोठू नये आणि रक्तवाहिनी आकसू नये यासाठी त्या लाळेत खास प्रथिने असतात. शरीर त्यांना परके ठरवते. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने वाहिन्या पाझरतात, जागा फुगते आणि मज्जातंतू चेतवले जातात. मास्ट पेशींना नाव दिले पॉल एर्लिख यांनी, १८७८ मध्ये. हिस्टामीन शरीरात काय करते ते हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये दाखवले. लाल ठिपका, भोवतीची लाली आणि मधली फुगोटी हा क्रम थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात उलगडला. प्रयोगशाळेने सांगितलेली ही गोष्ट म्हणजे गांधच, फक्त आतल्या बाजूने पाहिलेली.

एकाच अंगणात झोपलेल्या दोघांपैकी एकाला गांधी उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. असे झाले की ‘त्याचं रक्त गोड’ म्हणून विषय संपवला जाई. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी १९४६ मध्ये याचे कारण मांडले. आयुष्यातल्या पहिल्या चाव्यांना त्वचा काहीच दाद देत नाही. मग एक काळ असा येतो की पुळी दुसऱ्या दिवशी उठते. पुढे लगेचची गांध आणि उशिराची पुळी दोन्ही येतात. नंतर फक्त गांध उरते. आणि वर्षानुवर्षे चावे खाल्ल्यावर तीही थांबते. म्हणून सर्वांत जास्त खाजवतात ती लहान मुले आणि परगावाहून आलेले पाहुणे. सुट्टीला आजोळी आलेल्या शहरी नातवाच्या पायांवर पुळ्यांची रांग उठते आणि आजोबा त्याच बाजेवर निवांत झोपतात. आजोबांना डास चावत नाहीत असे नाही. त्यांच्या त्वचेने दखल घेणे सोडले आहे, इतकेच.

चाव्याकडे बारकाईने पाहण्याची परंपरा इथे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटकल्प नावाचा अध्याय आहे. त्यात मुंग्यांचे सहा, माश्यांचे सहा आणि डासांचे पाच प्रकार सांगितले आहेत, डासाच्या दंशाने तीव्र खाज आणि सूज येते असे नोंदवले आहे, आणि नखाने ओरबाडले तर जळजळणाऱ्या, पिकणाऱ्या पुळ्या होतात हेही सांगितले आहे. या शेवटच्या निरीक्षणात दोन हजार वर्षांत दुरुस्ती करावी लागलेली नाही. चावा स्वतः क्वचितच नुकसान करतो, नुकसान नखे करतात. फाटलेल्या कातडीतून जंतू आत जातात, जागा चिघळते आणि मुलांच्या पोटऱ्यांवर काळे डाग महिनोन्महिने राहतात. चरकाने विषघ्न द्रव्यांत शिरीषाला पहिला मान दिला. शिरसाचे झाड मराठवाड्यात बांधावर आणि रस्त्याकडेला अजून दिसते. त्याची साल उगाळून लेप देण्याची वैद्यांची रीत तिथूनच आली.

घरगुती उपाय मात्र ग्रंथांतून आले नाहीत, ते हाताशी असलेल्या वस्तूंतून आले. पानाच्या डब्यातला चुना गांधीलमाशीच्या डंखावर लागे. विळा, किल्ली किंवा खिळा अशी लोखंडाची वस्तू डंखावर घासली जाई. कांदा कापून चोळत, तुळशीचा किंवा झेंडूचा पाला चुरगळून लावत, हळद तेलात कालवून लावत, मिठाच्या कोमट पाण्याने शेकत. गोठ्यातले शेण आणि चुलीतली राख यांनाही मज्जाव नव्हता. चुना आम्ल मारतो म्हणून उतार पडतो, असे शाळेत शिकलेले लोक सांगत. काही मुंग्यांच्या विषात फॉर्मिक आम्ल असते हे खरे. पण मधमाशीच्या विषाचा मुख्य भाग प्रथिनांसारखी द्रव्ये आहेत आणि सगळेच विष कातडीखाली उतरलेले असते. वर लावलेला चुना तिथवर पोचत नाही. लोखंडाने बरे वाटते ते त्याच्या गारव्याने आणि घासण्याने. थंड स्पर्श खाजेची जाणीव काही वेळ दाबून टाकतो. ओल्या फडक्याने किंवा बर्फाने तेच काम अधिक चांगले होते. मिठाचे पाणी आणि हळद निरुपद्रवी. शेण आणि माती मात्र ओरबाडलेल्या जागेवर धोक्याची, कारण त्यांतून धनुर्वात होऊ शकतो. घासलेट कातडी भाजते. बालाघाटात सीताफळ मुबलक, म्हणून उवांसाठी त्याच्या बियांची पूड डोक्याला लावण्याची पद्धत घरोघर होती. उवा मरत, पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.

निजामाच्या राज्यात वैद्याच्या शेजारी हकीम होता, आणि दोघांकडे जाणारे रोगी बरेचदा तेच. हैदराबादेत हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये ‘जिंदा तिलिस्मात’ हे औषध काढले. निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचा आणि ओव्याचा अर्क, रंगाला रतनजोत. ही लहानशी बाटली सर्दी, डोकेदुखी, पोटदुखी यांसाठी होती, पण संस्थानी मराठवाड्यातल्या घरांत ती चाव्यावरही चोळली गेली. कापूर आणि पुदिन्याचा अर्क त्वचेला गारवा देतात, मज्जातंतूंचे लक्ष खाजेवरून हटते. खाज त्याने थोपते, सूज जात नाही. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, ही बाटली मात्र दुकानांच्या फळीवर राहिली.

या भागातल्या चावऱ्या किड्यांचे पहिले घर गोठा. उदगीरचा परिसर दोन नामांकित गोवंशांचा मुलूख आहे. देवणी जातीला ज्या गावाचे नाव मिळाले ते देवणी पूर्वी उदगीर तालुक्यातच होते. लाल कंधारी नांदेडच्या कंधार, लोहा, मुखेडपासून उदगीर-अहमदपूरपर्यंत पसरलेली. तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार तर साऱ्या मराठवाड्याला ठाऊक. जुन्या घरांत गोठा आणि माजघर यांच्यामध्ये एक भिंत असे, कित्येकदा तीही नसे. संध्याकाळी गोवऱ्यांचा जाळ करून त्यावर कडुलिंबाचा ओला पाला टाकत. धुराने गोठाभर दाटी होई आणि चिलटे, डास हटत. हीच धुरी सोप्यातल्या माणसांनाही मिळे. डोळे चुरचुरत आणि छाती भरून येई, पण त्या तासाभरात चावा कमी पडे हे खरे.

गोचीड धुराला बधत नाही. ती जनावराच्या कानात, आचळांजवळ, शेपटीखाली घट्ट बसते, रक्त पिऊन फुगते, गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली बारीक पिल्ले माणसाच्या पायावर चढली की घोट्याभोवती खाजऱ्या पुळ्या उठतात. करंजाचे किंवा कडुलिंबाचे तेल, तंबाखूचे पाणी, हाताने वेचणे असे जुने उपाय होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि पोळ्याला त्यांना धुऊन घासून सजवतात. या रिवाजाचा अर्थ कृतज्ञता असला तरी त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक बैलाचे अंग बोटाबोटाने तपासले जाई. देशी जनावरांची कातडी गोचिडीला बरीच तोंड देते. संकरित जर्सी आणि होल्स्टीन गाई आल्या तेव्हा दूध वाढले, आणि त्याबरोबर गोचीड आणि गोचीडताप यांचे दुखणेही. कीटकनाशक औषधे गोठ्यात नेमाने येऊ लागली ती याच काळात. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा मुलखात ते असणे साहजिक.

चावरे किडे जनावरांनाही आजारी पाडतात हे २०२२ मध्ये सर्वांना दिसले. लम्पी त्वचारोगाने त्या वर्षी राज्यभर गाईबैलांच्या अंगावर गाठी आणल्या. हा विषाणू माणसाला होत नाही. चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली, आणि गोठ्यांत कडुलिंबाची धुरी पुन्हा दिसू लागली.

धान्याचा साठा हे दुसरे घर. मातीच्या जाड भिंतीत ठेवलेली पोकळी म्हणजे बळद, जमिनीखाली पेव. माळवदाचे छप्पर म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. अशा घरात उंदरांना अन्नही मिळे आणि वाटही. उंदरांच्या अंगावर पिसवा असतात. पिसू उडी मारून चावते, म्हणून तिचे चावे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तीन-चारच्या पुंजक्यात दिसतात. उंदीर जिवंत असेपर्यंत ती माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडले की तिला दुसरे ऊबदार अंग शोधावे लागते. प्लेगचे सारे रहस्य या एका सवयीत होते. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी ते ओळखले. त्यांच्यावर तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत नेमलेल्या संशोधकांनी पुढच्या दशकात प्रयोगांनी ते सिद्ध केले.

गावकऱ्यांना पिसवेची गोष्ट माहीत नव्हती, पण उंदीर पडू लागले की गाव सोडायचे हे त्यांना अनुभवाने कळले होते. माणसे घरे मोकळी टाकून माळावर झोपड्यांत राहत आणि साथ ओसरल्यावर परतत. शास्त्राने पाहिले तर हा उपाय अचूक होता. उपाशी पिसवा रिकाम्या घरात मरत.

या ज्ञानाची परीक्षा मराठवाड्यात पुन्हा झाली ती १९९४ मध्ये. बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात ऑगस्टच्या सुरुवातीला लोकांनी तक्रार केली ती तापाची नव्हती. पिसवा फार चावतात, ही होती. त्याआधी उंदीर मेलेले दिसले होते. आरोग्य खात्याने घरांत कीटकनाशक फवारले. महिनाअखेरीस काखेत आणि जांघेत गाठी असलेले तापाचे रोगी आढळले, आणि पुढच्याच महिन्यात सुरतेला फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी येऊन देशभर घबराट पसरली. निदानावर तज्ज्ञांत वाद झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मोकळ्या पडलेल्या घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर माजले, असाही धागा काही अभ्यासकांनी जोडला. एरवी पायावरची खाज ही दवाखान्यात सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. मामल्यात तीच पहिली खूण ठरली. मेलेले उंदीर आणि पिसवांचा उपद्रव एकाच वेळी दिसला तर आरोग्य केंद्राला कळवावे, हा नियम तिथूनच ग्रामीण आरोग्य सेवकांच्या मनावर बिंबला.

अंथरुणाचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण ढेकणाशी झालेली लढाई शेकडो वर्षे एकाच साच्यातली होती. सुताने विणलेली बाज, थरांवर थर शिवलेली गोधडी, भिंतीतल्या भेगा ही त्याची घरे. बाज उन्हात काढून आपटायची, सांध्यांत आधणाचे पाणी ओतायचे, गोधड्या नदीवर उकळून धुवायच्या. ढेकणाचे चावे एका रेषेत उठतात, बहुधा झोपेत उघड्या राहिलेल्या हातावर आणि मानेवर, आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. ढेकूण कुठलाही रोग पसरवतो असे सिद्ध झालेले नाही. तो फक्त झोप नेतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर टिक-ट्वेंटी घरोघर आले. ते विष इतके सहज हाताशी आले की किड्यांपेक्षा माणसांच्या आत्महत्यांमुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. लोखंडी पलंग आणि सिमेंटचा गिलावा आल्यावर ढेकणाला भेगा उरल्या नाहीत. अलीकडे वसतिगृहे आणि प्रवासी गाड्यांतून तो परत येतो आहे, आणि या वेळी नेहमीच्या फवाऱ्यांना दाद देत नाही. उकळते पाणी आणि कडक ऊन यांच्याविरुद्ध मात्र त्याला अजून प्रतिकार कमावता आलेला नाही.

खरजेची गोष्ट याच अंथरुणाशी जोडली जाई. ती किड्याच्या चाव्याने होत नाही, कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म जीवाने होते. तरीही गोधडी वाफवली की खरूज जाते असा समज होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात याच मेलनबींनी दाखवले की खरूज पांघरुणापेक्षा अंगाला अंग लागून पसरते. म्हणून सगळ्या घराने एकाच रात्री, गळ्यापासून पायांपर्यंत मलम लावावे लागते. पूर्वी ते गंधक आणि खोबरेल तेलाचे असे, आता परमेथ्रीनचे. एकट्यानेच लावले तर महिन्याभरात खरूज त्याच्याकडे परत येते.

पाण्याचा साठा हे तिसरे आणि सर्वांत चिवट घर. उदगीर ज्या हैदराबाद संस्थानात होते त्याच संस्थानातल्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्यांनी हुसेन खान नावाच्या रोग्याला डासांकडून चावून घ्यायला लावले होते आणि चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा दिला होता. तोपर्यंत डासाचा चावा म्हणजे फक्त खाज होती. त्या दिवसापासून तो सरकारी कामाचा विषय झाला.

ते काम उदगीरच्या दारापर्यंत यायला आणखी अर्धे शतक गेले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले गावोगाव आले, भिंतींवर चौरस मीटरला १ ग्रॅम या हिशेबाने डीडीटी फवारू लागले आणि दाराशेजारी तारीख टाकून जाऊ लागले. पहिल्या वर्षांत लोक खूश होते, पण हिवतापामुळे नव्हे. ढेकूण, पिसवा आणि माश्या एका फवाऱ्यात मेल्या, रात्रीची खाज थांबली. काही वर्षांनी ढेकूण सरावले, भिंतीतून बिथरून बाहेर पडू लागले आणि फवारणीने ढेकूण वाढतात अशी तक्रार सुरू झाली. लोक देवघर आणि स्वयंपाकघर फवारू देईनात. शिवाय सणाआधी भिंती शेणामातीने सारवायच्या ही बायकांची वर्षानुवर्षांची रीत. डीडीटीचा थर त्या सारवणाखाली गाडला जाई आणि डास वरच्या ताज्या मातीवर निर्धास्त बसे. ज्या स्वच्छतेचे कौतुक व्हायचे तिनेच औषध निकामी केले. १९६५ च्या सुमारास देशातले रोगी १ लाखांवर आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. त्याला डासांची प्रतिकारशक्ती आणि ढिलाई ही मोठी कारणे होती, पण सारवणाचा वाटा फवारणीवाल्यांना चांगला माहीत होता.

पाऊस कमी म्हणजे डास कमी, हा हिशेब मराठवाड्यात चुकतो. पाणी चार-आठ दिवसांनी येते तेव्हा माणसे रांजण, पिंप, हौद, घागरी, सगळे भरून ठेवतात. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होतो. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहू शकतात; पाणी लागले की फुटतात. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली आणि त्यानंतर तीन दशके हा रोग देशातून जणू नाहीसा झाला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा लातूर, बीड, उस्मानाबाद, नांदेड हे जिल्हे त्याच्या तडाख्यात होते. सांधे धरलेली माणसे भिंतीचा आधार घेत चालत होती, अंगावर पुरळ आणि खाज होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा टंचाईत रांजण रिकामा करा असे सांगणे आरोग्य सेवकांना जड गेले. तरी उपाय तोच आहे. डासाची अंडी ते पंख हा प्रवास आठ-दहा दिवसांचा असल्यामुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, भांड्याची आतली कड घासून काढायची, जिथे पाणी ओतता येत नाही तिथे गप्पी मासे सोडायचे किंवा तोंडाला फडके बांधायचे. रांजणाला फडके बांधण्याची पद्धत आजीच्या काळातलीच. कारण तेवढे बदलले.

अंगावर आणि घरात लावायच्या वस्तू त्या मानाने उशिरा आल्या. धूप, लोबान आणि कडुलिंब यांच्या जागी डासांची वेटोळी उदबत्ती आली. ती मूळची जपानी. एइचिरो उएयामा यांनी शेवंतीच्या जातीच्या एका फुलाची पूड वापरून १८९० मध्ये तिची कांडी केली आणि ती जास्त वेळ जळावी म्हणून पत्नीच्या सूचनेने तिला वेटोळे दिले. मराठी घरांत ती ‘कासव छाप’ म्हणून ओळखली गेली. नंतर ओडोमॉस, मग विजेवरची वडी आणि बाटली. बंद खोलीत रात्रभर जळणारी वेटोळी उदबत्ती छातीला गोवऱ्यांच्या धुरापेक्षा फारशी दयाळू नाही. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. ती महाग वाटे, उकडते म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर कोणी लावत नसे, आणि बाळंतिणीच्या बाजेपुरती राही. तिच्या आत झोपलेल्या मुलाच्या अंगावर मात्र पुळी शोधून सापडत नाही.

शेतातले चावे साठ्याच्या हिशेबात बसत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये बीडसह मराठवाड्यातल्या काही गावांत घोणस अळीने शेतकऱ्यांना रुग्णालयात पोचवले. हिच्या अंगावरचे काटे स्पर्शाबरोबर कातडीत मोडतात आणि आग-खाज सुटते. अशा वेळी चोळणे सर्वांत वाईट. चिकटपट्टी लावून ओढली की काटे निघतात, मग बर्फ आणि खाण्याच्या सोड्याचा लेप. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते, म्हणून नखाने असो की कशानेही, तो लगेच काढणे महत्त्वाचे. विंचू या सर्वांहून वेगळा. तो कीटकही नाही आणि त्याच्या दंशाचे दुखणे खाजेचे नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने लाल विंचवाच्या दंशातले मृत्यू कसे टळतात ते दाखवले. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाचा धंदा त्यानंतर बसत गेला.

औषधाच्या दुकानात खाजेवर मिळणारे पहिले भरवशाचे औषध म्हणजे गुलाबी कॅलामाइन. झिंक ऑक्साइडमध्ये थोडा लोहाचा अंश. ते पाण्यासारखे लावायचे, सुकताना गारवा येतो. १९४० च्या दशकात हिस्टामीन रोखणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांतली एव्हिल गावोगावच्या डॉक्टरांच्या पिशवीत शिरली. ती खाजही थांबवते आणि झोपही आणते, म्हणून आयांना आवडली. नंतरची सेट्रीझिन तेवढी गुंगी आणत नाही. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावता येते हे दिसले, आणि सौम्य स्टेरॉइड मलमाचा दोन-चार दिवसांचा वापर चिवट पुळीवर खरोखर गुण देतो. बिघाड झाला तो पुढे. स्टेरॉइड, जंतुनाशक आणि गजकर्णाचे औषध एकत्र केलेली स्वस्त मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ लागली. खाज कसलीही असो, तीच नळी. पुळीवर महिनाभर लावली तर कातडी पातळ होते. गजकर्णावर लावली तर खाज दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या औषधांत घातली, तरी काउंटरवर ती अजून मागितली जातात.

चाव्यावरच्या उपचाराचा नियम एवढाच की जागा साबण-पाण्याने धुवायची, गार फडके ठेवायचे, कॅलामाइन लावायचे, मुलांची नखे कापायची आणि रात्री खाज असह्य झाली तर वयाप्रमाणे गोळी घ्यायची. लाली दिवसेंदिवस पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जायचे. आणि डंखानंतर काही मिनिटांत ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा चक्कर आली, तर चुना, लोखंड, गोळी यांपैकी कशातही वेळ घालवायचा नाही. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शनच जीव वाचवते आणि ते ग्रामीण रुग्णालयात मिळते.

उदगीर भागात आता माळवदे पाडून स्लॅबची घरे उठली आहेत. बळद गेले, ज्वारी पत्र्याच्या कोठीत किंवा पोत्यांत आली. ट्रॅक्टरने बैल कमी केले आणि गोठा घरापासून दूर सरकला. पिसवा आणि गोचीड शहरी घरातल्या मुलांना ओळखूही येत नाहीत. रांजणाची जागा मात्र गच्चीवरच्या काळ्या टाकीने घेतली आहे, आणि तिचे झाकण बहुधा फुटलेले असते.